गुप्त्यांची गोष्ट मी उलटी सांगितली

सुभाष गुप्ते यांची गोष्ट मी वर्गात कित्येक वर्षे सांगितली, आणि चुकीची सांगितली. हे कबूल केल्याशिवाय मला स्वस्थता नाही.

खारेपाटणच्या पावसात खेळाचा तास बुडाला की मुलांना बसवून क्रिकेटच्या गोष्टी सांगायचो. गुप्ते त्यात ठरलेले. १९५८, कानपूर, वेस्ट इंडीजच्या एका डावात १०२ धावांत ९ बळी! मुले खूश व्हायची. मग मी आवाज खाली आणायचो. एवढा मोठा लेगस्पिनर, पण अपमानाच्या रागात त्रिनिदादला निघून गेला आणि हातचा खेळ घालवून बसला. फळ्यावर तात्पर्य लिहायचो, 'रागाने घर सोडू नये.' हे मत माझ्या वडिलांचे होते. मी ते तपासून पाहिले नव्हते.

माझ्या निवृत्तीनंतर गुप्त्यांचे सामने ओळीने वहीत उतरवायला घेतले. ३६ कसोट्या, १४९ बळी. डिसेंबर १९६१मध्ये कानपूरला इंग्लंडविरुद्ध ९० धावांत ५ बळी. भारताने इंग्लंडवर फॉलोऑन लादला तो त्या सामन्यात, प्रथमच. पुढची कसोटी दिल्लीला. त्यानंतर लिहायला काहीच उरले नाही. तेव्हा त्यांचे वय ३२.

त्या कसोटीच्या वेळी दिल्लीच्या हॉटेलात खोलीतल्या सोबत्याने स्वागतिकेला फोन करून बोलावले, तिने तक्रार केली. गुप्त्यांचा संबंध इतकाच, की ते त्याच खोलीत राहत होते. तरी शिक्षा दोघांना झाली. १९६२च्या वेस्ट इंडीज दौऱ्यावरही त्यांना नेले नाही. दार आधी बंद झाले, माणूस नंतर निघाला. मी मुलांना नेमके उलटे सांगत होतो.

आणि त्रिनिदाद त्यांना परके कुठे होते? १९५३च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात कसोट्यांत २७ बळी घेतले, तेव्हाच पुढे पत्नी झालेल्या कॅरल त्यांना तिथे भेटल्या. त्रिनिदाद ही त्यांची सासुरवाडी. त्यानंतर इंग्लंडमध्ये लँकेशायर लीगच्या रिश्टन क्लबकडून ते व्यावसायिक म्हणून खेळले होते. पुढे त्रिनिदादच्या संघाकडूनही खेळले, तिथल्या साखर उद्योगात नोकरी केली, संसार केला. वेस्ट इंडीजचे सोबर्स त्यांना आपण पाहिलेला सर्वोत्तम लेगस्पिनर म्हणत. ३१ मे २००२ला पोर्ट ऑफ स्पेनमध्ये ते गेले.

घर सोडणारा प्रत्येक जण रागानेच जातो असे नाही, हे खारेपाटणच्या माणसाने तरी लवकर ओळखायला हवे होते. इथे सापडलेल्या शिलाहार रट्टराजाच्या १००८च्या ताम्रपटात परदेशाहून येणाऱ्या गलबतांवरच्या कराची नोंद आहे. आमच्या भागातली माणसे आजही मुंबईला जातात, आखातात जातात. गणपतीला आलेल्या कितीतरी चाकरमान्यांना मी 'गाव सोडलास रे' असे ऐकवले. 'का सोडलास?' असे एकालाही विचारले नाही.

माझे विद्यार्थी हे वाचत असतील तर त्यांना एवढेच सांगतो. फळ्यावरचे ते वाक्य मनातून पुसून टाका. तुमच्या मुलांना गुप्त्यांची गोष्ट जरूर सांगा, पण सरळ क्रमाने सांगा.