शिवेवरचा मुक्काम

शीव हा आपल्या मराठीतला मोठा घरगुती शब्द आहे. गावाला शीव असते, शिवेवर मारुती असतो, आणि नव्या नवरीची शीव ओलांडताना नारळ उतरून टाकतात. 'सीमा' म्हटले की मात्र आपल्यासारख्या शहरी माणसाच्या डोळ्यांपुढे नकाशावरची रेघ, काटेरी तार आणि बंदूकधारी पहारा येतो. एकाच शब्दाची ही दोन रूपे मी वर्गात वीस वर्षे शिकवीत आलो. पण ती दोन्ही एकाच अंगणात नांदताना पाहिली ती गेल्या एप्रिलमध्ये, दार्जिलिंगच्या पश्चिमेला, सिंगालीला डोंगररांगेच्या माथ्यावर.

आमचे साडू बँकेच्या नोकरीनिमित्त सिलिगुडीला असतात. सुट्टीत आम्ही त्यांच्याकडे उतरलो होतो. महिन्याचा चौथा शनिवार म्हणजे बँक बंद. "दोन दिवसांत संदकफू करून येऊ," साडू म्हणाले. सौ.ने लगेच लोकरीचे कपडे काढले, आणि शनिवारी पहाटे आमची चौघांची स्वारी निघाली.

मिरीकचे चहाचे मळे मागे टाकून चारेक तासांनी मानेभंज्यांगला पोचलो. येथून संदकफूपर्यंत सुमारे ३१ किलोमीटरची चढण. या वाटेवर वर्षानुवर्षे जुन्या लँड रोव्हर गाड्यांचे राज्य होते. आमच्या वाट्याला बोलेरो आली. वळणे अशी, की समोरच्या सीटवरचा साडू पुढच्या वळणावर माझ्या मांडीवर येतो की काय असे वाटावे. मेघमा गावाच्या नावातच मेघ आहे, आणि गावाने नाव राखले. दहा पावलांवरचे घर दिसेना.

या रांगेचा कणा हीच भारत-नेपाळची सीमा. १८१६ च्या सुगौलीच्या तहाने नेपाळची पूर्व हद्द मेची नदीपर्यंत मागे सरली. मेचीचा उगम याच डोंगरांतला. पुढे १९५० च्या मैत्री-कराराने दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे राहण्या-वावरण्याची मोकळीक दिली. त्यामुळे येथे तार नाही, फाटक नाही. मधूनच एखादा दगडी खांब उभा असतो. रस्ता कधी या देशातून जातो, कधी त्या. सशस्त्र सीमा बलाच्या चौकीवर ओळखपत्रे दाखवायची, एवढाच काय तो सोपस्कार.

मुक्काम तुमलिंगला होता. हे गाव नेपाळच्या इलाम जिल्ह्यातले. गाडीतून उतरताच सौ.च्या फोनने नेपाळी वेळ धरली आणि घड्याळ पंधरा मिनिटे पुढे गेले. "अहो, ही पंधरा मिनिटे गेली कोणत्या खात्यात?" तिने विचारले. "उद्या उतरताना जमा होतील," साडूंनी बँकेच्या गांभीर्याने सांगितले.

पाट्या सगळ्या देवनागरीत, म्हणून परदेश असा वाटेचना. वाटेला 'बाटो' म्हणतात, भाताला भातच. बर्फाला 'हिउँ' म्हणतात हे ऐकून मी जागीच थबकलो. आपल्या हिंवाचा हा सख्खा भाऊ! हिंव वाजणाऱ्या माणसाला त्याची ओळख लगेच पटली. नेपाळी आणि कोंकणी या दोन्ही भाषा १९९२ साली आपल्या घटनेच्या आठव्या परिशिष्टात आल्या. त्याच पंक्तीत तेव्हा मणिपुरीही बसली.

रात्री चुलीपाशी बसून डाळभात आणि गुन्द्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पालेभाजीचे कढण, जेवलो. घरची मालकीण पन्नाशीची. मला 'दाजू' म्हणे, सौ.ला 'दिदी'. तिचे माहेर मानेभंज्यांगचे. म्हणजे माहेर भारतात, सासर नेपाळात, आणि मध्ये गाडीने तासाभराची वाट. आपल्या दिवाळीत त्यांचा तिहार असतो. शेवटच्या दिवशी भाईटिका, म्हणजे आपली भाऊबीज. बहीण भावाच्या कपाळावर सात रंगांचा टिळा लावते, आणि गळ्यात मखमलीच्या जांभळ्या फुलांची माळ घालते. ही फुले सुकली तरी रंग सोडत नाहीत.

"२०२० साली सीमा बंद झाली," ती हिंदीत सांगू लागली. "मार्चमध्ये वाटले, पंधरा दिवसांचा प्रश्न. तिहार आला तरी बंदच. भाऊ खाली, मी वर. येथून त्याच्या गावचे दिवे दिसत होते. माळ ओवली होती, ती खुंटीला टांगून ठेवली. पुढच्या वर्षी तीच त्याच्या गळ्यात घातली." मग चुलीतले लाकूड सारीत म्हणाली, "दाजू, येथे रेघ आहे, हे आम्हांला त्या वर्षी कळले."

सौ. काही बोलली नाही. तिची थोरली बहीण निपाणीला दिली आहे. तेथली आणि येथली गोष्ट वेगळी, हे मलाही कळते. तिकडे सीमा राज्यांची आहे आणि एस. टी. धावते आहे. तरी त्या रात्री तिने निपाणीला फोन लावला आणि बराच वेळ बोलत बसली.

रविवारी पहाटे पाचच्या सुमारास कांचनजंगा उजळली. ८,५८६ मीटरचे ते शिखर आधी गुलाबी, मग सोनेरी, मग डोळे दिपवणारे पांढरे झाले. नऊच्या आत संदकफू गाठले. पश्चिम बंगालचे हे सर्वांत उंच ठिकाण, ३,६३६ मीटर. वाटेवर गुरांस फुलला होता. लाल फुलांनी झाडे पेटल्यासारखी दिसत होती. वर पश्चिमेकडे मकालू, ल्होत्से आणि त्यांच्या आडून डोकावणारा एव्हरेस्ट. साडूंनी बोट दाखवले नसते तर मी मकालूलाच एव्हरेस्ट समजून नमस्कार केला असता.

कांचनजंगाही सिक्कीम-नेपाळच्या सीमेवरच उभी आहे. २५ मे १९५५ रोजी जो ब्राउन आणि जॉर्ज बँड प्रथम वर पोचले, आणि टोकाच्या जरा खाली थांबले. शिखर सिक्कीमच्या लोकांना पवित्र. टोकावर पाऊल ठेवणार नाही, असा शब्द मोहिमेने तेथील राजाला दिला होता. त्यांच्यामागून गेलेल्या पुष्कळांनी हा रिवाज पाळला. तेथे खांब नाही की चौकी नाही. दिलेल्या शब्दाची ती शीव, आणि माणसे ती ओळखून मागे फिरली.

दुपारी ढग चढू लागले तसे आम्ही उतरलो. जाणाऱ्यांनी ओळखपत्र आणि गरम कपडे विसरू नयेत. पावसाळ्यात राष्ट्रीय उद्यान बंद असते, तेव्हा ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च-एप्रिल गाठावा. मानेभंज्यांगला चहा घेताना एका दुकानाच्या दारावर वाळलेल्या जांभळ्या फुलांची माळ दिसली. एप्रिल सरत आला होता, तरी रंग जशाच्या तसा होता.