फोडलं कधी ते आधी सांगा

टेक्सासात ऑस्टिनजवळ माझी जळाऊ लाकडाची वखार आहे. गिऱ्हाईक येतं ते झाडाचं नाव घेऊनच. पोस्ट ओक आहे का, हिकरी ठेवता का, पिकॅन कधी येणार? जातीवरून इथे हमरीतुमरी होते. मी मात्र लाकूड फोडलं कधी, ते आधी बघतो. उत्तम जातीचं ओलं लाकूड दहा-बारा तास शिजवलेल्या ब्रिस्केटची, म्हणजे गुराच्या छातीच्या चिवट मांसाची, पार वाट लावतं.

इथल्या स्मोकरमध्ये आग एका टोकाच्या पेटीत, मांस शेजारच्या लांबट टाकीत आणि धुराडं दुसऱ्या टोकाला. साधारण १२० अंश सेल्सिअसची हवा आणि धूर मांसावरून वाहत राहतात. ही परंपरा जर्मन आणि चेक खाटकांची. लॉकहार्ट गावातलं क्राइट्स मार्केट हे मांसाचं दुकान १९०० सालचं. मांसाला लावायचं ते बहुधा मीठ-मिरी एवढंच. धुरात खोट असेल तर ती झाकायला मसाला नाही.

ताज्या तोडलेल्या ओकमध्ये कोरड्या लाकडाच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त पाणी असतं. उकळी आल्यावरही एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता लागते, आणि ती आगीतूनच जाते. आग थंडावली की लाकडातून सुटणारे वायू पुरते जळत नाहीत. दाट पांढरा धूर निघतो आणि मांसावर क्रिओसोटचा, म्हणजे कडवट डांबरी द्रव्याचा, थर बसतो. असा तुकडा खाल्ला की जीभ बधिर होते. आग नीट पेटलेली असेल तर धूर जेमतेम दिसतो, निळसर. त्याचे कण इतके बारीक असतात की ते निळा प्रकाशच जास्त विखुरतात. लाकडातल्या लिग्निनपासून होणारे ग्वायकॉल आणि सिरिंगॉल हे धुराच्या स्वादाचे घटक, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते याही धुरात असतात.

पोस्ट ओक वाळायला फार वेळ घेतो. तो पांढऱ्या ओकच्या गटातला. या गटात गाभ्यातल्या नळ्या टायलोसिस नावाच्या वाढीने बुजतात. म्हणून तर पांढऱ्या ओकच्या पिंपांतून व्हिस्की गळत नाही. लाल ओकचा वीतभर तुकडा पाण्यात धरून वरून फुंका, खाली बुडबुडे येतील. पांढऱ्यात गाल दुखतील. ओंडका अख्खा ठेवला तर वर्षानंतरही आतून ओला निघतो. फोडून, जमिनीपासून उचलून, वारा खेळेल असा रचला तरच वाळतो.

ओलावामापक आता सगळ्यांच्या खिशात असतो, पण सुया खुपसतात त्या लाकडाच्या टोकाला. टोक सगळ्यात आधी वाळतं, तिथल्या चिराही लवकर पडतात, आणि दोन्ही फसवतात. फाटी पुन्हा फोडा आणि ताज्या अंगावर मधोमध मोजा. पंधरा ते वीस टक्के आलं तर घ्या. मापक नसेल तर दोन फाट्या एकमेकींवर आपटा. वाळलेल्या ठणकन वाजतात, ओल्या बद्द.

भट्टीत वाळवलेलं लाकूड दिसायला देखणं, आणि त्यातली कीडही मेलेली असते. पण कित्येकदा ते इतकं कोरडं असतं की भराभरा जळतं, तापमान उसळतं आणि धूर पुरत नाही. शेकोटीला ठीक, स्मोकरला मी देत नाही. ढलप्या पाण्यात भिजवण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. पाणी आत मुरतं जेमतेम. आधी वाफ होते, मग नेहमीचाच धूर. त्यापेक्षा ते पाणी झाडांना घाला.

सोलापूरकडचे पाहुणे वखारीत आले की मेस्किटपाशी थबकतात. ती आपल्या वेड्या बाभळीची चुलत बहीण. तिचा धूर फार उग्र. तासन्‌तास दिला तर मांस कडू होतं. मेस्किट घ्यायचीच असेल तर बाजूला पेटवून तिचे निखारे होऊ द्या आणि थेट त्यांच्यावर मांस भाजा.