जिथे मासे पेरावे लागतात

आपल्याकडे तलाव म्हटला की पलीकडचा काठ दिसतो, काठावरची बाभळ दिसते, बाभळीखाली बसलेली गुरे दिसतात. अमेरिकेतील मिशिगन सरोवराच्या काठावर उभे राहा, पलीकडे नुसते आभाळ! पाण्याचा पसारा सुमारे ५८,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा जवळजवळ पाचवा हिस्सा. सर्वांत खोल जागी २८१ मीटर पाणी. लाटा समुद्रासारख्या येतात, पण ओंजळभर तोंडात घ्यावे तर पाणी गोडे.

या सरोवराच्या पश्चिम काठावर मिलवॉकी शहर आहे. तिथे पुतण्याकडे चार महिने मुक्काम झाला. ऑगस्टमध्ये एकदा आणि ऑक्टोबरमध्ये एकदा, असे दोनदा आम्ही भाड्याच्या नावेतून ब्राउन ट्राउट नावाचा मासा धरायला गेलो. तिथे गळ टाकायला सरकारी परवाना लागतो. ट्राउट किंवा सामन धरायचा तर वर आणखी एक मुद्रांक घ्यावा लागतो.

"पाण्यातल्या माशाला कसले रे पैसे?" मी पुतण्याला विचारले.

"काका, हे बियाण्याचे पैसे आहेत," तो म्हणाला. त्याचा अर्थ मला पुढे कळला.

तिथली मासे धरण्याची रीत अशी : काठावर बसून वाट पाहायची नाही. नाव बैलगाडीच्या चालीने, तासाला तीन-चार किलोमीटर चालत राहते आणि मागे गळ ओढले जातात. याला ट्रोलिंग म्हणतात. गळाला गांडूळ नसते. चमच्याच्या आकाराचा रंगीत, चकचकीत पत्रा असतो. तो पाण्यात डुलत चालला की माशाला लहान मासोळी पळाल्यासारखी वाटते.

खरी मेख आहे खोली ओळखण्यात. उन्हाळ्यात विहिरीत पोहणाऱ्या कुणालाही हे ठाऊक आहे : वरचे पाणी कोमट, पण बुडी मारली की पायाला एकदम गार लागते. या सरोवरातही तसेच थर पडतात. वर ऊन पाणी, खाली गार पाणी, आणि मध्ये एक पातळ पट्टा, जिथे ऊब झपाट्याने उतरते. ब्राउन ट्राउटला साधारण १३ ते १८ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते. म्हणून उन्हाळ्यात हा गार पट्टा जिथे उताराच्या तळाला टेकतो, तिथे तो सापडतो. तेवढ्या खोलवर गळ न्यायला शिशाचा चार-पाच किलोचा गोळा तारेने खाली सोडतात. गळाची दोरी त्या तारेला चिमट्याने अडकवलेली असते. मासा लागला की दोरी चिमट्यातून सुटते, वाकलेली काठी ताडकन उसळते आणि मग माणसाची व माशाची ओढाताण सुरू होते.

वाऱ्याकडेही शेतकऱ्याइतकेच लक्ष ठेवावे लागते. पश्चिमेचा जोरदार वारा सुटला की काठाजवळचे ऊन पाणी आत ढकलले जाते आणि खालचे गार पाणी वर येते. त्याबरोबर मासाही काठाकडे येतो. वारा पूर्वेचा झाला की ऊन पाणी पुन्हा काठाशी साचते. नाववाला निघण्याआधी आभाळ पाहत होता, ते यासाठी.

ऑक्टोबरात सारेच बदलले. झाडांची पाने पिवळी-तांबडी झाली, पाणी निवले, थर मोडले. अंडी घालायच्या ओढीने ट्राउट बंदरात आणि नदीच्या मुखाशी गोळा झाले होते. आता शिशाचे गोळे नको होते. लाकडी फळ्यांच्या आधाराने दोऱ्या नावेच्या दोन्ही बाजूंना दूर नेल्या, म्हणजे उथळ पाण्यातला मासा नावेला बिचकत नाही. ऑगस्टमधला चंदेरी मासा आता सोनेरी-तपकिरी झाला होता. नराचा खालचा जबडा आकड्यासारखा वळला होता. २०१० च्या जुलैमध्ये जवळच्या रॅसीन गावाजवळ असाच ट्रोलिंग करताना ४१ पौंड ८ औंसांचा, म्हणजे जवळजवळ १९ किलोचा ब्राउन ट्राउट मिळाला होता. त्या वेळी तो जगातला विक्रम होता.

एवढा मोठा होणारा हा मासा मूळचा तिथला नव्हे. त्याची अंडी १८८३ मध्ये जर्मनीतून न्यूयॉर्कला आली आणि १८८४ मध्ये मिशिगन राज्यातल्या एका नदीत पिल्ले सोडली गेली. सरोवराचा खरा धनी होता लेक ट्राउट. जहाजांसाठी नायगारा धबधब्याला वळसा घालून कालवा काढला, त्या वाटेने लॅम्प्री नावाचा रक्तपित्या जीव वरच्या सरोवरांत शिरला. मिशिगनमध्ये तो १९३६ मध्ये दिसला. त्याच्या जोडीला माणसांची बेसुमार मासेमारी. १९५० च्या दशकात इथला लेक ट्राउट संपला. खाणारा मोठा मासा उरला नाही, तेव्हा समुद्रातून आलेल्या एलवाइफ नावाच्या मासोळीचे रान माजले. १९६७ मध्ये त्या इतक्या मेल्या की किनाऱ्यावर कुजलेल्या माशांचे बांध पडले.

तेव्हापासून सरकार सामन आणि ट्राउट वाढवून सरोवरात सोडत आले आहे. मिलवॉकीकडच्या काठाला ब्राउन ट्राउट नदीत अंडी घालायला जातो, पण तिथे पिल्ले फारशी जगत नाहीत. म्हणून हौदात वाढवलेली पिल्ले पुन्हा पुन्हा सोडावी लागतात. मुद्रांकाचे पैसे जातात ते या पेरणीला. लॅम्प्री तर लव्हाळ्यासारखा, निपटून जात नाही. दर काही वर्षांनी नद्यांत औषध टाकून त्याची पिल्ले मारावी लागतात. हे काम १९५८ पासून चालू आहे.

मी दोन किलोचा मासा धरला. घरी निघताना नाववाल्याने बजावले : कातडी आणि चरबी काढून टाका, आणि मोठा ट्राउट वरचेवर खाऊ नका. कारखान्यांतून पाण्यात गेलेले पीसीबी नावाचे विष चरबीत साठते. त्याच्या उत्पादनावर अमेरिकेने १९७९ मध्ये बंदी घातली, पण सरोवराच्या गाळातून ते अजून गेलेले नाही.

पैसा आहे, शास्त्र आहे, शिस्त आहे, तरीही गेलेला मासा परत आणायला त्या श्रीमंत देशाला पिढ्या लागत आहेत. आपल्या ओढ्यात मरळ आणि वाम अजून कुणी न पेरता वाढतात. फवारणीचा पंप तिथे धुण्याआधी एवढे ध्यानात ठेवावे.