आमच्या जवारीवरच्या भोरड्या

आमचे गाव अकोट तालुक्यात आहे. आमच्या वावरातून सातपुडा दिसतो. पूर्वी शिवारात सगळीकडे जवारी असायची, असे आबाजी सांगतात. आता सगळे सोयाबीन नाहीतर पऱ्हाटी पेरतात. आम्हीच फक्त अर्धा एकर गावरान जवारी पेरतो, कारण आबाजींना भाकरीशिवाय जमत नाही आणि बैलांना कडबा लागतो. म्हणून शिवारातल्या सगळ्या भोरड्या आमच्याच वावरात उतरतात.

मागच्या साली त्यांनी कणसे खाऊन खाऊन आम्हाला २ पोती ठेवली. बाबा म्हणाले, "यंदा असंच झालं तं पुढच्या साली जवारी बंद." आबाजी काही बोलले नाहीत. तेव्हाच मी ठरवले, यंदाची राखण मी करणार.

भोरडीला पुस्तकात पळस मैना म्हणतात. ती साळुंकीच्या जातीची, पण जरा लहान असते. डोके, मान, पंख आणि शेपटी काळी. पाठ आणि पोट गुलाबी. डोक्यावर तुरा असतो. लहान भोरड्या मात्र मातकट दिसतात, त्यांची चोच पिवळी असते. एकटी भोरडी मी कधी पाहिली नव्हती. थवा आला की आभाळात कोणी काळे लुगडे झटकल्यासारखे दिसते. सगळ्या एकदम वळतात आणि एकदम खाली बसतात. कलकलाट तर असा, की जशी शाळाच सुटली! (गुरुजी, रागावू नका.)

दिवाळीच्या सुमारास दाण्यात चीक भरला. सुट्टीत मी दिवसभर मचाणावर बसायचो, शाळा सुरू झाल्यावर सकाळी आणि संध्याकाळी. टिनाचा डबा वाजवून वाजवून हात दुखायचे. आबाजींनी मला गोफण शिकवली. आमच्या काळ्या मातीत गोटे सापडत नाहीत, ते मी नाल्यातून आणायचो. माझा नेम कधीच लागत नव्हता. एका संध्याकाळी लागला.

मी धावत गेलो. भोरडी तासात पडली होती, एक पंख लोंबत होता. हातात घेतली तर तिचे काळीज धडधड करत होते. मला वाटले होते नेम लागला की आपण नाचू. पण मला रडू आले. मी तिला घरी आणून टोपलीखाली ठेवले. जवारीचे दाणे टाकले, तर तिने चोचही लावली नाही. नाकतोडा धरून दिला, तो मात्र गिळला.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना विचारले. त्यांनी नकाशात कझाकस्तान दाखवला. तो आपल्यापासून अडीच हजार किलोमीटरच्या वर उत्तरेला आहे. तिकडे मे-जून महिन्यात हजारो भोरड्या दगडांच्या फटीत घरटी करतात आणि पिल्लांना टोळ, नाकतोडे भरवतात. चीनमध्ये सिंक्यांग भागात तर लोक त्यांच्यासाठी मुद्दाम दगडांचे ढीग रचून देतात, कारण त्या टोळ खातात आणि औषध कमी फवारावे लागते.

मी हे घरी सांगितले. बाबा म्हणाले, "तिकडे टोळ खाते, मंग जवारी खाले इकडे काऊन येते?" मी म्हणालो, तिकडे बर्फ पडतो. आबाजी हसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती मेलेली होती. मी तिला पट्टीने मोजले, चोचीपासून शेपटीपर्यंत २१ सें. मी. भरली. मग धुऱ्यावरच्या बोरीखाली पुरली. मी माती लोटतच होतो, तेवढ्यात थवा उतरला. डबा तर वाजवावाच लागला. पण तेव्हापासून मी गोफणीत गोटा ठेवत नाही, रिकामीच फटकारतो. आवाजानेही त्या उडतात, फक्त लवकर परत येतात.

यंदा आमची ५ पोती जवारी झाली.

आता मार्च महिना आहे. शाळेजवळच्या काटेसावरीवर आणि पळसावर रोज भोरड्या येतात, फुलांतला रस पितात. आता त्यांचा गुलाबी रंग हिवाळ्यापेक्षा उजळ झाला आहे. पालकांनी शाळेत येताना वर पाहावे. एप्रिलमध्ये त्या निघून जातील.

पुढच्या सालाचे बाबांनी अजून काही सांगितले नाही. आबाजींनी मात्र बियाण्याची कणसे निवडून आढ्याला टांगून ठेवली आहेत.

— इयत्ता ४ थी