जुन्या संगणकातील तबकडी

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत डेस्कटॉप संगणक आजही दिवसभर चालू दिसतो तो नारायणगाव, मंचर, ओतूर, घोडेगाव यांसारख्या बाजारगावांतील डीटीपी आणि झेरॉक्सच्या दुकानांत, फोटो स्टुडिओत, शाळांच्या संगणककक्षांत आणि लहान पतसंस्थांच्या कार्यालयांत. यांतील कित्येक संगणक दहा-बारा वर्षे वापरलेले असतात आणि त्यांच्याविषयीची तक्रार बहुधा एकाच वाक्यात येते: ‘पीसी लई स्लो झालाय.’ त्यावर दुरुस्ती करणारा कारागीर आज सर्वांत आधी जो उपाय सुचवितो तो नवा संगणक घेण्याचा नसून, जुन्याच संगणकातील हार्ड डिस्कच्या जागी सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘एसएसडी’, बसविण्याचा असतो. आणि हा उपाय बहुतेक वेळा योग्यच ठरतो. मात्र ‘एसएसडी टाकून घ्या’ या शब्दांवरून वाटते तितके हे काम छोटे नाही, कारण ड्राइव्ह बसविणे हा त्यातील दहा मिनिटांचा भाग असून उरलेले सगळे काम दुसऱ्याच्या नोंदी सांभाळण्याचे असते.

संगणक मंदावतो कशामुळे, हे आधी समजून घ्यावे लागते. हार्ड डिस्कच्या आत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या असतात, त्या डेस्कटॉपमध्ये सामान्यतः मिनिटाला ७२०० फेरे घेतात आणि एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचे हजारावे भाग, लागतात. हवी ती नोंद वाचण्यासाठी तबकडीवर अधांतरी फिरणारे ‘हेड’ आधी नेमक्या वर्तुळावर न्यावे लागते आणि मग ती नोंद फिरत त्याच्याखाली येईपर्यंत थांबावे लागते. यात सरासरी बारा-तेरा मिलिसेकंद जातात, त्यामुळे विखुरलेल्या नोंदी सेकंदाला ऐंशीच्या आसपासच हाती लागतात. विंडोज सुरू होताना तर हजारो लहान फाइली निरनिराळ्या ठिकाणांहून गोळा कराव्या लागतात. एसएसडीत फिरणारे काहीच नसते. तोशिबा कंपनीतील अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८७ साली मांडलेल्या नँड फ्लॅश या तंत्राने तिच्या चिपमधील सूक्ष्म कप्प्यांत विद्युतभार अडकवून ठेवला जातो आणि कोणत्याही कप्प्यापर्यंत पोहोचण्यास मिलिसेकंदाचा जेमतेम दहावा भाग लागतो. जुन्या मदरबोर्डवरील साटा जोडणीचा वेग कमी असल्याने खोक्यावर छापलेला ‘सेकंदाला ५५० मेगाबाइट’ हा आकडा तेथे निम्म्यावर येतो, तरीही संगणक कायापालट झाल्यासारखा चालू लागतो. याचे कारण वाचलेला वेळ वाहून नेण्यातला नसून शोधण्यातला असतो. ग्राहकाला खोक्यावरचा आकडा दाखविण्यापेक्षा हा फरक समजावून सांगणे अधिक प्रामाणिक होय.

यानंतर या कामातील सर्वांत अवघड निर्णय येतो, तो म्हणजे नव्या ड्राइव्हवर विंडोज कोरी करकरीत घालावयाची की जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत, म्हणजे क्लोन, करावयाची. पुस्तकी सल्ला कोऱ्या विंडोजच्या बाजूने पडतो, कारण वर्षानुवर्षांचा कचरा त्यामुळे मागे राहतो. परंतु मराठी डीटीपीच्या दुकानात हा सल्ला जसाच्या तसा लागू पडत नाही. तेथे लग्नपत्रिका, दशक्रियेची पत्रके, यात्रेचे कार्यक्रम आणि शाळांच्या स्मरणिका अनेक वर्षे पेजमेकरमध्ये जुळविल्या गेल्या, आणि त्या पेजमेकरची ७.० ही शेवटची आवृत्ती २००१ साली निघालेली आहे. त्यातील मजकूर श्री-लिपीसारख्या, युनिकोडपूर्व पद्धतीच्या फाँटमध्ये असतो. या पद्धतीत देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर बसविलेली असल्याने तो विशिष्ट फाँट नसेल तर ‘श्री गणेशाय नमः’ या शब्दांच्या जागी नुसती अर्थहीन चिन्हे उमटतात. काही लिपीप्रणाली संगणकाच्या मागे लावलेल्या डोंगलवाचून चालत नाहीत, काहींची मूळ सीडी केव्हाच हरवलेली असते, आणि टंकलेखन यंत्रावर हात बसलेल्या चालकाची बोटे ज्या कळफलकाला सरावलेली असतात तो कळफलकही त्याच जुन्या मांडणीत असतो. अशा संगणकावर ‘फॉरमॅट मारून नवीन विंडोज’ टाकणे म्हणजे दुकानाची अक्षरे पुसून टाकणे होय, आणि म्हणून तेथे क्लोन हाच बरा मार्ग ठरतो.

क्लोन करण्यापूर्वी जुन्या डिस्कची प्रकृती तपासणे अनिवार्य आहे. प्रत्येक डिस्क स्वतःच्या दोषांची नोंद ‘स्मार्ट’ नावाच्या तक्त्यात ठेवीत असते आणि त्या तक्त्यात बदललेल्या व प्रलंबित सेक्टरांचे, म्हणजे खराब झालेल्या जागांचे, आकडे वाढलेले दिसले, अथवा डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला, तर पूर्ण प्रतीचा हट्ट सोडावा लागतो. मरणासन्न डिस्क सलग पाच-सहा तास वाचायला लावल्यास ती मध्येच थांबण्याची भीती असते. अशा वेळी कागदपत्रे, छायाचित्रे आणि हिशेबाच्या फाइली प्रथम काढून घ्याव्यात आणि विंडोजची चिंता नंतर करावी. घराला आग लागल्यावर आधी माणसे बाहेर काढतात, सामान मागाहून.

क्लोनमध्ये आणखी एक जुनी खोड लपलेली असते. विंडोज एक्सपीच्या काळात डिस्कवरील पहिला विभाग ६३व्या सेक्टरपासून सुरू होई, आणि ५१२ बाइटच्या सेक्टरांनी मोजल्यास ही सुरुवात ३२,२५६व्या बाइटवर येते, ज्या आकड्याला ४०९६ने पूर्ण भाग जात नाही. विंडोज आपला मजकूर ४०९६ बाइटच्या तुकड्यांत हाताळते आणि एसएसडीची पानेही ४०९६च्याच पटीत मोजली जातात, त्यामुळे त्या काळातील विभाग जसाच्या तसा उतरविला तर जो तुकडा एका पानात मावला असता तो दोन पानांवर पसरू शकतो आणि एका लेखनासाठी दोन पाने खर्ची पडतात. विंडोज व्हिस्टापासून ही सुरुवात २०४८व्या सेक्टरवर नेली गेली. हा आकडा पडताळण्यास अर्धा मिनिट लागतो, पण तो पडताळणारे हात थोडे आहेत.

प्रत्यक्ष कॅबिनेट उघडल्यावर, ज्याला गावाकडे सरसकट ‘सीपीयू’ म्हणतात, आत तालुक्याची सगळी धूळ भेटते: पंख्याच्या पात्यांवर बसलेला काळपट थर, कोपऱ्यात झुरळांची विष्ठा, क्वचित पालीची पांढरी अंडी. वीजजोडणी काढून चालू करण्याचे बटण एकदा दाबावे, म्हणजे आत उरलेला भार निघून जातो. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरील स्थितिज वीजही उतरवावी आणि मगच ब्लोअर व मऊ ब्रश हाती घ्यावा. जुन्या साडेतीन इंची डिस्कचे स्क्रू जाड आट्यांचे असतात, अडीच इंची एसएसडीचे बारीक आट्यांचे; काढलेलेच स्क्रू नव्या ड्राइव्हला जोर लावून पिळले की तिचे आटे कायमचे मोडतात. साटा केबलचे टोक ‘एल’ आकाराचे असते ते उलटे बसू नये म्हणून, आणि त्यामुळे टोक सहज बसत नसेल तर ताकद न लावता ते फिरवून पाहावे. केबल जुनी, सैल झालेली असेल तर नवी घालावी. अधूनमधून ड्राइव्ह ‘दिसत नाही’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा तेथेच सापडते.

एसएसडीच्या आयुष्याविषयी लोकांच्या मनात जी भीती असते ती चुकीच्या जागी आहे. प्रत्येक लेखनाने कप्प्याचा विद्युतरोधक थर किंचित झिजतो हे खरे, पण एखाद्या ड्राइव्हवर एकूण २०० टेराबाइट लेखनाची हमी असेल आणि दुकानात रोज २० गिगाबाइट लिहिले जात असतील, तर ती मर्यादा गाठण्यास १०,००० दिवस, म्हणजे सत्तावीस वर्षे लागतील. खरी भीती निराळी आहे. हार्ड डिस्क बहुधा आवाज करून, रेंगाळून पूर्वसूचना देते. एसएसडी मात्र एखाद्या सकाळी अचानक दिसेनाशी होते. शिवाय ‘ट्रिम’ या आज्ञेने पुसलेल्या फाइलींची जागा ती आतून खरोखरच रिकामी करीत असल्याने, चुकून पुसलेली फाइल हार्ड डिस्कवरून जशी परत मिळविता येत असे तशी येथे जवळजवळ कधीच येत नाही. ड्राइव्ह दीर्घकाळ विजेविना पडून राहिली तर अडकविलेला भारही हळूहळू झिरपतो. जेडेक या संस्थेच्या मानकात, लेखनमर्यादा संपलेल्या घरगुती ड्राइव्हने ३० अंश तापमानात विजेविना एक वर्षच नोंदी टिकवाव्यात, इतकीच अपेक्षा धरलेली आहे. नाणेघाटातील सातवाहनकालीन लेखात दानांचे आकडे खडकात कोरलेले आहेत आणि सुमारे दोन हजार वर्षांनंतरही त्यांतील पुष्कळ वाचता येतात. जुन्नरी हातकागदावरील मोडी नोंदी दप्तरखान्यांत शतके टिकल्या. त्या मानाने एसएसडी ही चालत्या कामाची जागा आहे, दप्तर ठेवण्याची नव्हे.

विजेचा प्रश्न या भागात वेगळा सांगण्याची गरज नाही. भीमाशंकरच्या बाजूच्या पावसाळी गावांत लाइट दिवसातून कितीदा जाईल याचा नेम नसतो, आणि एसएसडीत हलणारे भाग नसले तरी कोणती नोंद कोणत्या कप्प्यात आहे याचा तिचा अंतर्गत नकाशा लिहिला जात असताना वीज गेली तर तोही बिघडू शकतो. म्हणून चांगल्या बॅटरीचा यूपीएस पूर्वीइतकाच आवश्यक आहे.

काढलेली जुनी डिस्क धडधाकट असेल तर ती भंगारात जाऊ देऊ नये. बाहेरच्या आवरणात घालून, वर तारीख लिहून, दुकानाऐवजी घरी ठेवावी. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा सर्वसाधारण आधार संपला आणि दहा वर्षांपूर्वीच्या संगणकांना विंडोज ११ अधिकृतपणे स्वीकारत नाही, त्यामुळे एसएसडीने मिळालेले आयुष्य, विशेषतः इंटरनेटला जोडलेल्या संगणकाचे, अमर्याद नाही. ज्या दुकानदारांकडे गावच्या स्मरणिका, वंशावळी किंवा देवस्थानांची माहितीपत्रके जुन्या फाँटमध्ये पडून आहेत, त्यांनी ड्राइव्ह बदलण्याच्या दिवशीच त्यांची पीडीएफ आणि युनिकोड प्रत काढून घ्यावी. त्या फाइली उघडू शकणारा संगणक त्या दिवशी चालू स्थितीत समोर असतो.