टोकाकडून मुळाकडे

सरकारी नोकरीतून मोकळ्या झालेल्या माणसाला लोक हमखास एक प्रश्न विचारतात, "आता वेळ कसा जातो?" आमचे उत्तर ऐकून विचारणारा क्षणभर थांबतो आणि आपली थट्टा तर चालली नाही ना, अशा नजरेने पाहू लागतो. आमचा रोजचा अर्धा तास कुत्र्याचे केस विंचरण्यात जातो आणि दीड महिन्यातून एक अख्खा रविवार ते कापण्यात. ही विद्या आम्ही साठी उलटल्यावर, कोणा गुरूपाशी न बसता, मोबाइलच्या पडद्यावरील चित्रफिती पाहून शिकलो. कशी शिकलो आणि शिकताना काय गमावता गमावता राहिले, ते येथे सांगावयाचे आहे.

प्रारंभीच एक खुलासा. या लेखातील 'आम्ही' हे आदरार्थी बहुवचन नव्हे. कचेरीत तशी सवय लागते खरी. पण येथे आम्ही म्हणजे खरोखरीच दोघे आहोत. एक जण मध्य प्रदेश शासनाच्या महसूल खात्यातून २०२० च्या जानेवारीत निवृत्त झालेला, आणि दुसरी देवासची माहेरवाशीण, जिच्या निवृत्तीचा आदेश अद्याप कोणी काढलेला नाही.

आमचे घराणे इंदुरास येऊन पाच पिढ्या झाल्या. होळकर दरबारच्या दप्तरात लेखणी चालवणाऱ्या पूर्वजापासून आजपर्यंत घरात गाय झाली, मांजरे झाली, गल्लीतल्या कुत्र्याला रात्रीची पोळी ठरलेली होती. पण कुत्र्याला फणी लागते, ही गोष्ट आमच्या कुळात कोणास ठाऊक नव्हती. पुण्यास नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीने २०१९ साली पूडल जातीचे एक पिल्लू घेतले. रंग जर्दाळूचा, अंगभर कुरळे केस. पुढच्याच वर्षीच्या फेब्रुवारीत ती नोकरीनिमित्त जर्मनीस गेली आणि जाताना ते पिल्लू, त्याचे पांघरूण व सामानाची एक पिशवी आमच्या हवाली करून गेली. तिने त्याचे नाव ब्रूनो ठेवले होते. आमच्या घरी चार दिवसांत त्याचा भुऱ्या झाला. निघताना तिने बजावले होते, "आई, याला रोज विंचरावं लागतं हं." आम्ही होकार भरला आणि महिन्यातून एकदा पेट पार्लरमध्ये नेले की झाले, असे मनाशी ठरवून टाकले. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि पार्लरचे शटर खाली आले ते आलेच.

या जातीच्या कुत्र्याचे केस माणसाच्या केसांसारखे वाढतच राहतात. गळलेला केस जमिनीवर पडत नाही, शेजारच्या वळ्यात अडकून बसतो. त्यातून नऊ महिने ते दीड वर्ष या वयात पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठ्या कुत्र्याचे दाट केस येऊ लागतात. जुने आणि नवे एकमेकांत गुंतण्याचा हाच काळ. भुऱ्या तेव्हा बरोबर वर्षाचा होता. हे सारे आम्हांस मागाहून कळले. तेव्हा एवढेच दिसत होते, की तो दिवसेंदिवस अधिक गुबगुबीत आणि देखणा होत चालला आहे.

एप्रिलअखेर तो मागच्या पायाने कान खाजवू लागला. कानामागे बोट घातले तेव्हा पोटात धस्स झाले. वरून पिंजलेला कापूस आणि आत नमद्यासारखा घट्ट थर! काखेत तेच, गळपट्ट्याखाली तेच. बोट कातडीपर्यंत पोहोचेना. छत्तीस वर्षांच्या नोकरीत आमच्यापैकी एकाने किती दप्तरे तपासली असतील! फितीने नीट बांधलेल्या, वरून स्वच्छ दिसणाऱ्या फायलीच्या पोटात काय दडलेले असते, हे पाहण्याचाच तर पगार मिळत होता. आणि येथे दोन महिने आम्ही दोघांनी रोज याच्या डोक्यावरून हात फिरवला तो वरच्या वर.

मग आम्ही ओळीने दोन चुका केल्या. पहिली म्हणजे त्याला न्हाऊ घातले. ओल्या लोकरीसारख्या त्या जटा पाण्याने आवळल्या आणि वाळल्यावर पूर्वीहून कठीण झाल्या. दुसरी चूक त्याहून वाईट. शिवणाच्या डब्यातली कात्री काढली आणि डाव्या कानामागची जट कापू गेलो. जट ओढली की कातडीही तिच्याबरोबर उचलली जाते, हे ठाऊक नव्हते. भुऱ्या किंचाळला. जर्दाळू रंगावर रक्ताचा ठिपका उमटला आणि तो दिवाणाखाली जाऊन बसला.

गुरांच्या डॉक्टरांनी फोनवर जखमेचे छायाचित्र पाहिले. जखम लहान आहे, टाक्याची गरज नाही, असे सांगून त्यांनी मलम लिहून दिले आणि ताकीद दिली, "जटेला कात्री पुन्हा लावायची नाही." जखम आठ दिवसांत भरली. पण भुऱ्या हाताशी येईना. ताटली ठेवून आम्ही दूर झालो की येई, खाई आणि परत दिवाणाखाली जाई. हात पुढे केला की डोळे न वळवता मान तेवढी मागे घेई.

ती मागे घेतलेली मान आम्ही पूर्वी एकदा पाहिली होती.

१९९७ च्या जूनमध्ये आमची बदली झाबुआस झाली. मुलगी सात वर्षांची. तिचे केस कुरळे, दाट आणि कमरेपर्यंत. आईला विषमज्वराने घेरलेले, वडील नव्या जागेचा कार्यभार घेण्यात गुंतलेले. महिनाभर पोरीच्या डोक्याला नीट फणी लागली नाही. १ जुलैला शाळा उघडायची होती. विंचरायला बसवले की ती रडे, आणि रडली की आम्ही अधिकच जोराने ओढत असू. शेवटी आम्ही दोघांनी मिळून ठरवले, की केस काय, पुन्हा येतील. आणि तिला न्हाव्याकडे नेऊन मुलासारखे कापून आणले. तिला विचारले नाही. ती खुर्चीत बसून रडलीसुद्धा नाही. पण त्यानंतर बरेच दिवस कोणी डोक्यावरून हात फिरवू गेले, की मान मागे घेई. केस पुन्हा आले, ते मात्र तिने पुढे कधीच मानेखाली वाढू दिले नाहीत. "सोयीचं पडतं," असे ती सांगते. आम्ही ते मान्य केले होते, कारण मान्य करणे आम्हांसही सोयीचे होते.

दिवाणाखालच्या त्या मुक्या जिवाने आम्हांस तेवीस वर्षांपूर्वीच्या झाबुआत नेऊन उभे केले, असे म्हटले तर अतिशयोक्ती नाही. या खेपेस आम्ही ठरवले, की नीट शिकायचे.

चित्रफिती पुष्कळ होत्या. सांगणाऱ्या बहुतेक परदेशी, बोली भराभर, आणि कुत्री अशी शांत की जणू फोटो काढायला बसली आहेत. आमच्यापैकी एकाला कचेरीपुरते इंग्रजी येते. पण ते परिपत्रकाचे इंग्रजी, केसांचे नव्हे. चार वेळा थांबवून, मागे नेऊनही अर्थ लागेना. तेव्हा पोळ्या लाटता लाटता दुसरी म्हणाली, "अहो, ती टोकाकडून मुळाकडे जा म्हणतेय. त्यात काय एवढं? आमची आई वेणी घालताना हेच करायची. बट मुळाशी मुठीत धरायची, म्हणजे ताण मुठीला बसतो, डोक्याला नाही."

त्या एका वाक्याने दार उघडले. आमच्या इंदुरी मराठीत हिंदी इतकी मिसळली आहे, की पुण्याचे पाहुणे गालात हसतात. कचेरीत हिंदी, पडद्यावर इंग्रजी. पण केसांची गोष्ट निघाली आणि घराच्या कोपऱ्यात पडून राहिलेले शब्द एकेक करून बाहेर आले. बट, पेड, जट, गुंता, भांग, लीख, आगवळ, गंगावन. ज्याला शब्द आहे त्या गोष्टीला पद्धतही असते, हे आम्हांस त्या वेळी पटले. अडचण एवढीच, की शब्द जिच्यापाशी होते तिच्या अंगठ्यांचे सांधे संधिवाताने धरलेले. ज्याचे हात धड होते त्याने आयुष्यात कोणाची वेणी घातली नव्हती. तेव्हा एकाचे हात आणि दुसरीचे शब्द अशी वाटणी झाली. पूर्ण एक माणूस व्हायला आम्हांस दोघांची गरज पडली.

मुलीने दिलेल्या पिशवीत बारीक वाकड्या तारांचा ब्रश आणि पोलादी फणी पडून होती. पहिले आठ दिवस आम्ही ती नुसती दिवाणाजवळ ठेवली आणि शेजारी बसून राहिलो. मग ब्रशची मागची बाजू पाठीवरून फिरवली. मग तारांची बाजू, दहा वेळा, आणि लगेच शेंगदाण्याएवढा पनीरचा तुकडा. हळूहळू अर्धा तास जमू लागला. रीत अशी, की पायाकडून सुरुवात करावी, एका हाताने वरचे केस दाबून धरून त्यांच्याखाली भांग पाडावा, कातडीची रेघ दिसू लागली की त्या रेघेवरचे केस टोकाकडून सोडवत यावे, आणि मगच बोटभर वर नवा भांग पाडावा. शेवटी पोलादी फणी मुळापासून टोकापर्यंत फिरवावी. ती कोठेही न अडकता गेली तरच काम झाले. ब्रश फसवतो, फणी फसवत नाही. न्हाणे त्यानंतर. माणसांचा शांपू चालत नाही, कारण कुत्र्याच्या कातडीची आम्लता आपल्याहून कमी असते. न्हाल्यावर कोमट वाऱ्याने वाळवता वाळवता विंचरत राहावे, नाहीतर वळे ओले असतानाच पुन्हा एकमेकांना बिलगतात.

सगळे गुंते मात्र सुटले नाहीत. काखेतल्या आणि कानामागच्या जटा कातडीला चिकटल्या होत्या. त्या विंचरून सोडवू पाहणे म्हणजे जनावराला छळणे. जूनमध्ये निर्बंध सैल झाल्यावर मशीन मागवले आणि तेवढे भाग पार उतरवले. मशीनच्या पात्यांचा हिशेब उलटा असतो, क्रमांक जितका मोठा तितके केस आखूड. पाते चालून चालून तापते, म्हणून दर थोड्या वेळाने ते आपल्या मनगटाला लावून पाहावे लागते. चटका बसायचाच असेल तर आधी आपल्याला बसावा. ऊन, वारा आणि फौजदारी या तिन्ही गोष्टी नोकरीत सोसलेल्या मनगटाने हे कामही निमूटपणे स्वीकारले.

पूडल या नावाचा उगम मुलीने जर्मनीहून कळवला. जर्मन भाषेत पाण्यात डुंबण्याला जो शब्द आहे, त्यावरून हे नाव आले. शिकाऱ्याने पाडलेले पाणपक्षी पोहत जाऊन आणणे हे या कुत्र्यांचे मूळचे काम. पोहणे हलके व्हावे म्हणून अंगावरचे केस काढत आणि ऊब राहावी म्हणून छातीवर व सांध्यांवर तेवढे ठेवत. प्रदर्शनातल्या पूडलांच्या पायांवर जे गोंडे दिसतात आणि आपण ज्यांना श्रीमंतांची चैन म्हणून हसतो, त्यांच्या मुळाशी असे कामकऱ्याचे कारण आहे. आमच्या भुऱ्याला अर्थात गोंडे नाहीत. त्याचा पहिला पूर्ण केशसंभार आम्ही ऑगस्टमध्ये उतरवला, तेव्हा तो उंदराने कुरतडलेल्या गालिच्यासारखा दिसत होता. पण पूंछ हलवत होता आणि हाताशी येत होता.

देवासच्या आजीची एक शिसवी फणेरपेटी आमच्याकडे आहे. आरसा काळवंडला आहे, कुंकवाचा करंडा रिकामा आहे. त्या पेटीत आता पोलादी फणी असते. कोणास हा अपमान वाटेल. आम्हांस वाटत नाही. पेटी फणीसाठी केलेली होती आणि पुष्कळ वर्षांनी तिला काम मिळाले.

मुलगी २०२२ च्या डिसेंबरात आली. रविवार होता, गच्चीत ऊन होते, जुन्या सतरंजीवर आमचे काम मांडलेले होते. ती भिंतीला टेकून बसली आणि बराच वेळ नुसती पाहत राहिली. मूठ मुळाशी, फणी टोकाशी. मग विचारले, "ओढत नाही ना त्याला?"

"नाही. मुळाशी धरलं की ओढत नाही."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "बाबा, झाबुआचा तो न्हावी आठवतो?"

आम्ही दोघेही एकदमच "आठवतो" म्हणालो. हातातली फणी थांबली होती. आईने म्हटले, "तुला विचारायला हवं होतं गं." एवढेच. त्यापुढे जोडण्यासारखे आमच्याकडे काही नव्हते. आणि जे नाही ते शब्दांनी भरून काढण्याची सवय निदान त्या दिवशी आम्ही आवरली.

"मला वाटायचं, तुम्ही विसरलात," ती म्हणाली.

भुऱ्याने पाय ओढून घेतला. उजवी काख राहिली होती, आणि ती त्याला अजूनही आवडत नाही. मुलगी पुढे सरकली आणि तिने त्याची हनुवटी हलकेच तळहातावर घेतली. आई बाजूला बसून, कोणती बट आधी घ्यायची ते सांगत होती. त्या दिवशी उजवी काख एकही हिसका न बसता सुटली.