बारा एएम, की पीएम?

लग्नपत्रिका आली की आई आधी मुहूर्त वाचायची. ‘दुपारी १२ वाजून २१ मिनिटांनी’. शंकेला जागाच नाही. घोळ इंग्रजी बाजूला. तिथे तोच मुहूर्त कधीकधी ‘१२.२१ एएम’ असा छापलेला, म्हणजे वऱ्हाडी मध्यरात्री अक्षता घेऊन उभे! कुणी मनावर घ्यायचं नाही. जेवणाची वेळ सगळ्यांना ठाऊक असायची.

खारघरला राहायला आलो, कोकणातली गाडी पनवेलहून पकडू लागलो आणि ही चैन संपली. कोकणकन्या सीएसएमटीहून रात्री अकरानंतर सुटते. पनवेलला येईतो तारीख उलटलेली असते. पाच तारखेच्या रात्री निघायचं, तर पनवेलहून तिकीट सहा तारखेचं. रेल्वेचं घड्याळ चोवीस तासांचं, त्यामुळे एएम-पीएमची भानगडच नाही. तरी गणपतीच्या दिवसांत फलाटावर एखादं कुटुंब टीसीशी हुज्जत घालताना दिसतंच. तिकीट सहाचं, सामानसुमान घेऊन आलेत सहाच्या रात्री, आणि गाडी आदल्या रात्रीच गेलेली. मला त्यांचं हसू येत नाही. पंचांगातला वार सूर्योदयाला बदलतो, आणि झोपून उठेपर्यंत आपलाही ‘आज’ संपत नाही. घड्याळाचं आपण निमूट कधी ऐकलंय? देशाची प्रमाणवेळ १९०६ साली आली, तरी मुंबईत ३९ मिनिटं मागे असलेली जुनी वेळ १९५५ पर्यंत तग धरून होती.

एएम म्हणजे मध्यान्हाच्या आधी, पीएम म्हणजे नंतर. भर दुपारचे बारा हे खुद्द मध्यान्ह. त्यांना दोन्ही अक्षरं परकी. मोबाइल दुपारला पीएम लावतो, तो निव्वळ रिवाज. लिहिणाऱ्याने त्याच्यावर भिस्त ठेवू नये, असं माझं ठाम मत.

आमच्या सोसायटीत एकदा फळ्यावर लागलं: ‘शनिवारी १२ एएम ते ४ पीएम पाणी बंद.’ निम्म्या बिल्डिंगने शुक्रवारी रात्रीच पिंपं भरली, उरलेले शनिवारी सकाळी सेक्रेटरींच्या दारात. टाकी धुवायची होती दुपारी.

तेव्हापासून सूचना माझ्या नजरेखालून जाते. दुपार असेल तर ‘दुपारी १२’. मध्यरात्र असेल तर ‘शुक्रवारी रात्री ११.५९’, म्हणजे वाराचा वाद नको. परवा तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी ती वाचून विचारलं, “अहो, ते एक मिनिट पाणी कुणाला दिलंत?”